आप्पा, मोर्सवरून आपण भांडलो ते

आप्पा, तुम्हाला जाऊन सहा दिवस झाले. तुमच्या धाकट्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत बसले होते. "आप्पा गेले, सकाळी, चहा घेता घेता," एवढंच तो बोलला. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एस.टी. लातूरला पोचेपर्यंत दुपार झाली. तुम्हाला विभूती लावून, गळ्यात रुद्राक्ष घालून बसवलं होतं. बसलेले दिसलात म्हणून असेल, मला वाटलं, आता मान वर करून म्हणाल, "सुमन, आलीस का? घे पेन्सिल."

अंगणात पाण्याचे ड्रम उभे होते. या उन्हाळ्यात लातूरला पाणी आगगाडीनं येतंय. अशा दिवसांत आपली घागर नेऊन दुसऱ्याच्या ड्रममध्ये ओतणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच कळतं. तुमच्यासाठी सगळ्या गल्लीनं ती ओतली होती.

लोक तुमच्याबद्दल बोलत होते. तारखात्यातला सरळ माणूस, कुणाची तार कधी अडवली नाही, कुणाची बातमी फोडली नाही. ते सगळं खरंच आहे. पण मला इथं आपलं भांडण लिहायचंय. तीस वर्षं चाललं ते, आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

मी लातूरला आले तेव्हा मला चोविसावं चालू होतं. मुखेडची पोरगी, नवी नवी भौतिकशास्त्राची प्राध्यापक. लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन जिल्हा झालेलं, त्याला थोडीच वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांतून चालायच्या, आणि प्रत्येक कचेरीला मुंबईला नाहीतर औरंगाबादला तार करायची घाई असायची. जिल्ह्याची पहिली तार आपणच मारली असं तुम्ही सांगायचात. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही, पण तुमचा चेहरा इतका खुलायचा की मी कधी खोडूनही काढलं नाही.

तुमच्या घरावरून जाताना ओसरीतून आवाज यायचा. डिट, डा, डिट. एक दिवस न राहवून आत आले. टेबलावर रेडिओचा संच, शेजारी मोर्सच्या टिपक्या-रेघा पाठवायची पितळी दांडी, म्हणजे की, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. तुम्ही सांगितलंत की हा हॅम रेडिओ. सरकारकडून परवाना काढायचा, घरून स्वतःच्या संचावरून जगातल्या कुणाही हॅमशी बोलायचं. परवान्यासाठी दोन परीक्षा. एक लेखी आणि दुसरी मोर्सची. मोर्सच्या परीक्षेत आवाज ऐकून अक्षरं लिहायची, आणि कीवरून अक्षरं पाठवून दाखवायची.

"लेखी तुला सोपी हाय," तुम्ही म्हणालात. "मोर्सला मात्र बसावं लागतंय. पण मोजू नको. मोजलंस की मेलीस. गाणं ऐकती तसं ऐक."

मी बसले. सहा महिने रोज संध्याकाळी. तुमच्या पत्नीला मीही अव्वा म्हणू लागले. अव्वा आतून चहा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "दोघं मिळून काय चिमण्यांशी बोलून राहिलाव?" हैदराबादला परीक्षेला गेले ती एकदा नापास होऊन आले, दुसऱ्यांदा पास झाले. त्या दिवशी तुम्ही पेढे वाटलेत. स्वतःचा पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा वाटले नव्हते, असं अव्वा सांगत होत्या.

दत्ताला तुमच्याकडे मीच आणलं. ती चूक की पुण्य, हे मला कितीतरी वर्षं ठरवता आलं नाही.

दत्ता माझ्या गावचा, माझ्या वर्गातला. मुखेडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. लहानपणी टायफॉईड झाला आणि कान गेले. पूर्ण गेले नाहीत. समोर बसून, तोंडाकडे बघत, मोठ्यानं बोललं की त्याला कळायचं. स्वतः बोलायचा ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. पण हात काय सोन्याचे होते! दुष्काळ पडलेला, विहिरी आटलेल्या, मोटारी बंद, दुकानाला काम नाही. त्या रिकाम्या वेळात त्यानं माझ्या पुस्तकातल्या आकृतीवरून जुन्या सामानाचा एक संच जोडला. तुम्ही तो उघडून पाहिलात आणि म्हणालात, "हे माझ्याच्यानं झालं नसतं." तुमच्या तोंडून असं वाक्य मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं नाही.

लेखी परीक्षेत तो माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन पास झाला. मोर्सच्या खोलीत मात्र समोर लाउडस्पीकर, खोली मोठी, आवाज बारीक. त्याच्यापर्यंत ते पोचलंच नाही. कागद कोरा देऊन आला. दुसऱ्यांदा पुढच्या बाकावर बसला, तरी पाच-सहा अक्षरांपलीकडे गेला नाही. परतीच्या गाडीत तो मला म्हणाला, "सुमन, त्या खोलीत समदे माना हलवून राहिले होते. मी पण हलवली." आणि हसला. मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा मला रडू आलं होतं.

तेव्हाच मी तुम्हाला पहिल्यांदा म्हणाले, "आप्पा, ही मोर्सची सक्तीच काढून टाकायला पाहिजे. तोंडानं बोलायच्या परवान्याला टिपक्या-रेघांची परीक्षा कशाला?"

तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही चिडला नाहीत, समजावत बसलात. ते बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं. "सुमन, मी उदगीरकडचा. घरात कानडी, बाहेर अशी मराठी. ट्रंक कॉलवर माझं बोलणं ऐकून पुण्याचा बाबू हसायचा. 'काय म्हणालात, परत म्हणा', असं मुद्दाम म्हणायचा. कीवर मात्र कधी हसला न्हाई. कीवर बोली कळत न्हाई, जात कळत न्हाई, शिकलेला किती ते कळत न्हाई. हात सफाईदार हाय का तेवढंच कळतंय. मॅट्रिकवाल्या माणसाला त्या कीनं खुर्ची दिली. ती परीक्षेतून काढा असं मी कसं म्हणू?"

"तुम्हाला खुर्ची दिली," मी म्हणाले, "आणि दत्ताला दारातून परत पाठवलं, त्याचं काय?"

त्यावर तुम्ही की पुसत बसलात. मला वाटलं, जिंकले. तरुणपणी समोरचा गप्प झाला की तसंच वाटतं.

मग ती सकाळ आली. त्या सकाळीबद्दल आपण शंभर वेळा भांडलो, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी सांगितली नाही. आज सांगते.

रविवार होता. मी सातला सरावाला आले होते. तुमचा संच चालू होता. खरखरीतून एक माणसाचा आवाज आला, फार अंधूक, जणू विहिरीच्या तळातून. तुम्ही कानाला हात लावलात. "हा दत्ता हाय," तुम्ही म्हणालात.

दत्ता आदल्या दिवशी एका खेड्यावर गेला होता. गावातली एकच बोअर चालू होती, तिची मोटार जळाली होती. मोटार बंद पडल्यापासून लोक नदीच्या पात्रात खड्डा खणून त्यातलं पाणी पीत होते. त्यानं गावाला जुलाब-वांत्या सुरू झाल्या होत्या. फोन शेजारच्या गावी, तो बंद. एस.टी. येत नव्हती. हौस म्हणून दत्ता आपला संच पिशवीतून सगळीकडे नेत असे. त्यानं लिंबाच्या झाडावर तार टाकली, डिझेलवाचून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, आणि परवाना नसताना बोलायला लागला. रविवारी सातला तुम्ही कुठल्या फ्रिक्वेन्सीवर असता, हे त्याला ठाऊक होतं.

"जुलाब-वांत्या. लई माणसं. सलाईन पाठवा." एवढं कळलं. गावाचं नाव मात्र घरंगळत होतं. तुम्ही विचारलंत, "कोणचं गाव? दत्ता, गाव सांग!" पण त्याला तुमचा आवाज ऐकूच येत नव्हता. तो फक्त बोलत होता, पुन्हा पुन्हा तेच, उत्तर येतंय का नाही हे न कळता.

तुम्ही वेलवाडी ऐकलंत. मीही वेलवाडीच ऐकलं. आपल्या जिल्ह्यातली, उदगीरकडची वेलवाडी. तुम्ही सायकल काढून तार ऑफिसात गेलात, रजेचा दिवस असून कीवर बसलात, उदगीरला अर्जंट तार मारलीत. तिथून दवाखान्याची जीप लगेच निघाली. वेलवाडीत पोचली तर गाव धडधाकट. लोक म्हणाले, इथं कुणी आजारी नाही.

ते गाव होतं बेलवाडी. मुखेड तालुका, नांदेड जिल्हा.

दुपारी बाराला दत्ताच्या ध्यानात आलं की कुणी येत नाही, काहीतरी चुकलंय. मग त्यानं तालुका आणि जिल्हा जोडून सांगायला सुरुवात केली, आणि आपल्याला कळलं. तुम्ही पुन्हा तार ऑफिसात पळालात. या खेपेला मी सायकलच्या मागं बसले होते. नांदेडला तार गेली, आणि तिसऱ्या प्रहरी डॉक्टर बेलवाडीत पोचले. बाकी सगळी माणसं वाचली. एक बाई गेली. गयाबाई, पदरात तान्हं लेकरू. ती अकरा वाजता गेली होती.

त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत हे अव्वांनी मला नंतर सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही जे केलंत, त्यासाठी मी तुमच्यावर इतकी वर्षं रागावले. परवाना देणाऱ्या कचेरीला तुम्ही स्वतः पत्र लिहिलंत. विनापरवाना माणसाला आपण उत्तर दिलं, त्याचा निरोप पुढं पाठवला, गावाचं नाव आपण चुकीचं ऐकलं, सगळं लिहिलंत. दत्ताचं नावसुद्धा.

"लिहिलंतच का?" मी ओसरीत उभी राहून ओरडले होते. "कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"माझी नोंदीची वही खोटी न्हाई राहायची," तुम्ही म्हणालात.

"तुमची वही खरी राहिली आणि दत्ता अडकला! तुम्ही दत्ताला बुडवलं, आप्पा."

कचेरीनं नियमाप्रमाणे तुमचा परवाना काही महिने थांबवला आणि दत्ताला ताकीद दिली. सरकारी शिक्क्याचं पत्र बघून त्याची आई घाबरली. त्यानं संच सुटा केला आणि पार्ट विकून टाकले. मला म्हणाला, "जाऊ दे सुमन, ते कानवाल्यांचं काम हाय."

त्या एका सकाळीवरून आपण दोघांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. तुम्ही म्हणायचात, "मोर्सात बी आणि व्ही एकमेकाचे उलटे हायेत. एकाला रेघ पुढं, दुसऱ्याला मागं. चुकायची सोय न्हाई. दत्ताला मोर्स येत असतं तर ती बाई वाचली असती." आणि मी म्हणायचे, "दत्ताला परवाना असता तर तो रोज बोलला असता. नाव कसं फोडून सांगायचं ते शिकला असता. बेळगावचा ब म्हणाला असता. ती बाई वाचली असती." दोघंही खरं बोलत होतो. गयाबाई दोघांच्याही युक्तिवादात मेलेलीच होती. हे मला आता दिसतं. तेव्हा आपण तिला मुद्दा करून टाकलं होतं, आप्पा. तुम्ही थोडं, मी जास्त.

मग मी नांदेडला बदलून गेले. आपलं येणं-जाणं राहिलं. दिवाळीला फराळ, श्रावणात अव्वांच्या हातची पुरणपोळी. पण मोर्सचं नाव निघालं की अव्वा आपलं ताट उचलून आत जायच्या. मी पत्रं लिहीत राहिले. हॅम मंडळींच्या बैठकांत बोलत राहिले. बहुतेक जुनी माणसं तुमच्यासारखीच होती. मोर्स गेलं तर कुणीही येईल, म्हणायची. कुणीही यावं हेच तर मी मागत होते. एका बैठकीत मी दत्ताची गोष्ट सांगितली. तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात. मी तुमचं नाव घेतलं नाही, पण नजर तुमच्याकडेच होती. तुम्ही मान खाली घातलीत. त्या दिवशी परतताना स्टँडवर तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, "बोललीस चांगलं." मी रस प्यायले आणि गाडीत चढले. तेव्हा बोलायला हवं होतं.

वीस-बावीस वर्षांनी जगभरच तो नियम ढिला झाला आणि आपल्याकडेही सक्ती गेली. मी तुम्हाला फोन केला. आठवलं की आजही मान खाली जाते. मी म्हणाले, "आप्पा, गेलं तुमचं मोर्स!"

मग तुम्ही म्हणालात, "हाव. बरं झालं." आणि फोन ठेवलात.

त्याच आठवड्यात मी दत्ताला परवान्याचा अर्ज पोस्टानं पाठवला आणि तसं तुम्हाला पत्रानं कळवलं. वर्षभरात त्याला परवाना मिळाल्याचं कळलं. मी सगळ्यांना सांगत सुटले की माझी इतक्या वर्षांची लढाई सार्थकी लागली. तुम्हालाही सांगितलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, "बरं झालं." मला वाटलं, म्हातारा हरला आणि मान्य करत नाही.

त्या दिवशी तुम्हाला समाधी देऊन घरी आलो, आणि दत्ता माझ्याशेजारी अंगणात येऊन बसला. केस पांढरे, कानात यंत्र, आवाज तोच. मी म्हणाले, "दत्ता, लांबून आलास."

"मी न्हाई येणार तर कोण? मला माझ्या गुरूला माती द्यायला नको?"

गुरू. मला समजेना. तुम्ही त्याला शिकवलं होतं, पण ते दोन-चार महिने, तीस वर्षांपूर्वी.

"तुझं पाकीट मी सहा महिने फोडलं न्हाई, सुमन," तो म्हणाला. "वाटलं, आता काय करायचंय. पन्नाशीला आलो. मग एक गुरुवारी आप्पा दुकानात उभे. लातूरहून, त्या वयात, एस.टी.नं. म्हणाले, फोड ते पाकीट. माझ्यासमोर भरलं. पोस्टात पण त्येच घेऊन गेले."

मी वळून त्याच्या तोंडासमोर बसले.

"अन् मग पुढच्या गुरुवारी परत आले. की घेऊन. म्हणाले, आता शिक. मी म्हणलं, आप्पा, आता सक्ती गेली की. आता कशाला? तर म्हणाले, सक्ती गेली म्हणूनच आलो. आता तुला कोणी नापास करणार न्हाई."

दत्ता हे सगळं आपल्या नेहमीच्या आवाजात सांगत होता. अंगणातली माणसं वळून बघत होती. तुम्ही त्याला सांगितलं होतं म्हणे, सुमनला कळू देऊ नको, ती म्हणंल आप्पा हारले. पाच-सहा वर्षं जपलेलं गुपित त्यानं सगळ्या गल्लीला ऐकवलं.

तुम्ही काय केलंत ते त्यानं मला करून दाखवलं. लाउडस्पीकरची उघडी तबकडी टेबलावर पालथी न घालता उताणी ठेवायची, सूर अगदी खर्जात न्यायचा, आणि तिच्या कागदी पडद्यावर बोटाची दोन टोकं टेकवायची. डिट म्हणजे एक टिचकी. डा म्हणजे लांब गुदगुली. कान लागतच नाही. पहिल्या गुरुवारी त्याला चार अक्षरं आली. वर्षभरात तो पूर्ण वाक्यं घ्यायला लागला. अधूनमधून तुमचे पाय सुजायचे, तरी गुरुवार चुकला नाही.

आप्पा, मी तीस वर्षं ध्वनी शिकवला. कंपन म्हणजे काय, कमी कंपनसंख्या बोटाला कशी जाणवते, हे फळ्यावर आकृती काढून मी किती पोरांना सांगितलं असेल. दत्तासाठी मी पत्रं लिहिली, भाषणं केली, तुमच्याशी भांडले. त्याला बोटानं ऐकवावं हे मला एकदाही सुचलं नाही. मी त्याच्यासाठी दार उघडा म्हणत राहिले, आणि तो उंबऱ्यावर बसलाय तोवर त्याच्याशेजारी जाऊन बसले नाही.

हे मी दत्ताला म्हणाले. तो म्हणाला, "आप्पा पण हेच म्हणायचे. म्हणायचे, दत्ता, हे मला त्या टायमालाच सुचाया पायजे होतं. तार ऑफिसात आम्ही टेबलावर कोपर टेकून तारयंत्राचं कट्टकड अंगात ऐकत होतो. तरी मी तुझ्या कानाला दोष देत बसलो. अन् बेलवाडीची बाई गेली." दत्तानं कानातलं यंत्र नीट बसवलं. "शेवटच्या गुरुवारी आम्ही बेलवाडीला गेलतो. गयाबाईच्या पोराला भेटाया. मोठा झालाय. बापई गडी. आप्पांनी त्याला सांगितलं, तुझी आई माझ्या चुकीनं गेली. मी गाव चुकीचं ऐकलं."

"मग? काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार. त्याला तर आईचं तोंड पण आठवत न्हाई. म्हणाला, आप्पा, उन्हाचं आलाव, ताक घ्या. आप्पांनी दोन गलास घेतलं."

मला तुमचा राग आला, आप्पा. मला का नाही नेलंत? मीही वेलवाडीच ऐकलं होतं. त्या ओसरीत आपण दोघं होतो. तुम्ही सगळी चूक एकट्यानं उचलून नेलीत, आणि मी इतकी वर्षं फक्त बरोबर असण्याचा हक्क घेऊन बसले. मग थोड्या वेळानं राग गेला आणि मला नुसतं वाटलं की ते ताक पिताना मी तिथं असायला हवं होतं.

मी दत्ताला मुद्दाम विचारलं, "आता सांग. मोर्स परीक्षेत असावं का नसावं?" मला वाटलं, निकाल लागेल.

तो विचार करत बसला. म्हणाला, "परीक्षेत नको. माझ्यासारखा दुसरा असंल तर त्याला परत पाठवू नये. पण आप्पांनी शिकवलं नसतं तर मला लई वाईट वाटलं असतं." मग म्हणाला, "तुमच्या दोघांचं भांडण मला कधी कळलंच न्हाई. मला कोणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. मी तर त्याच्या वतीनंच भांडत होते.

तर आप्पा, मी अजून म्हणते, सक्ती नको होती. तुम्ही असता तर म्हणाला असता, शिकवणाऱ्यानं कष्ट घेतले तर सक्ती जाचत नाही. मी म्हणाले असते, सगळ्यांच्या नशिबी असा शिकवणारा नसतो. तुम्ही म्हणाला असता, मग तू शिकव. तर शिकवते. पुढच्या महिन्यापासून कॉलेजात शनिवारी वर्ग घेणार आहे, सक्तीशिवाय. येतील ती पोरं येतील.

अव्वांचं मात्र काळजीचं झालं होतं. तुम्ही गेल्यापासून घोटभर चहाशिवाय त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी दोन दिवस राहिले, भाकरी करून पुढ्यात ठेवली, त्या नुसत्या बघत बसायच्या. नांदेडला परत निघाले तेव्हा दत्तानं स्टँडवर मला सांगितलं, "घरी गेल्यावर अव्वाचं काय ते कळव. फोनवर मला नीट कळत न्हाई. कीवर कळव."

काल सकाळी धाकट्याशी बोलून मी संच चालू केला. की कितीतरी वर्षांत हातात धरली नव्हती. दत्ता वेळेवर हजर होता, सावकाश आणि स्वच्छ. मी पाठवायला लागले आणि पहिल्याच शब्दात अडखळले. दत्तानं परत पाठवायला सांगितलं. परत चुकले. तिसऱ्यांदाही त्यानं परत मागितलं, एकही अक्षर अंदाजानं घेतलं नाही. पास झालेली मी घामाघूम झाले होते, आणि नापास झालेला तो पलीकडं बोटं टेकवून थांबला होता. चौथ्या खेपेला त्यानं मिळाल्याचं कळवलं.

मी एवढंच पाठवत होते, आप्पा, आणि तुम्हालाही तेच सांगायचंय. अव्वा जेवल्या. आता दोन्ही वेळा जेवतात.